राजाला डॉक्टर काय म्हणाले होते

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्या ओळखीच्या माणसाने हे वाक्य वाचलं तर तो हसेल, कारण माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. विम्याची एजंट आहे मी. बोलणं हाच धंदा. माझं पित्ताचं ऑपरेशन, ह्यांचं घोरणं, सासऱ्यांचा चष्मा कितव्यांदा हरवला — आमच्या गल्लीला सगळं पाठ आहे. एक गोष्ट मात्र मी अशी दाबून ठेवली, की कधीकधी मलाच वाटायचं, असं काही घडलंच नव्हतं.

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंय. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ आपोआप धंद्यावर येते. समोरचा माणूस कशाने विरघळेल ते तिला माझ्याआधी कळतं. तुम्हाला विकायला माझ्याकडे काही नाही — मग तुमच्याशी कसं बोलायचं? अडखळतच बोलेन. चालेल ना?

पण आधी जिंकलेलं सांगते. तेवढं तरी सांगू द्या.

आज सकाळी आमची भुरी जिना उतरली. नुसती उतरली नाही, दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली, फाटकापाशी जाऊन मांजरावर भुंकली आणि तशीच वर आली. उन्हाळ्यात एका मोटारसायकलवाल्याने तिला उडवली होती. मागचा पाय असा लोंबत होता, की बघणाऱ्यांनी तोंड फिरवलं. आज त्याच पायावर उभी राहून ती माझ्याकडे बघत होती आणि मी ओट्यापाशी पुरणाची डाळ निवडत एकटीच मोठ्याने हसत होते. पाय पोलादी पट्टी घालून जोडलाय. आणि ऑपरेशनचा, एक्स-रेचा, औषधांचा बहुतेक सगळा खर्च कंपनीकडून आला. माझ्याच हातून काढलेला विमा! गल्लीत कोण कोण म्हणत होतं, "मॅडम, कुत्र्याच्या विम्याचे पैसे कधी मिळतात का?" — त्या प्रत्येकाच्या दारात मी भुरीला फिरवून आणलंय. लंगडत होती तेव्हाही आणि लंगडायची थांबली तेव्हाही. मला मिरवायला आवडतं. हे आताच लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सिडकोतल्या आमच्या भागात आज बहुतेक पाळलेल्या कुत्र्यांचा विमा आहे. हे माझं काम. पूर्वी कोणी विचारही करत नव्हतं. डॉक्टरांची फी वाढली, लशी महागल्या, एका रक्ताच्या तपासणीला माणसाच्या तपासणीइतके पैसे पडायला लागले — लोक आधी हळहळायचे, मग डॉक्टरला शिव्या द्यायचे आणि शेवटी जनावर घरातच ठेवायचे, आपोआप बरं होईल म्हणून. मी दारोदार जाऊन सांगितलं. पिल्लू लहान असतानाच विमा काढा, आजार झाल्यावर काढाल तर तो आजार त्यात बसणार नाही. लशींचं पुस्तक जपा. काढल्याबरोबर लगेच आजारपणाचे पैसे मिळत नाहीत, काही दिवस थांबावं लागतं. वय वाढलं की हप्ता वाढतो, तेव्हा नाक मुरडायचं नाही. थोडा वाटा आपल्यालाही उचलावा लागतो. आणि जे विम्यात बसतच नाही — दात, लशी, गोचिडांची औषधं — त्यासाठी मी भिशी सुरू केली. कुत्रेवाल्यांची भिशी! बायका आधी खूप हसल्या. पण आमच्या भिशीत चिठ्ठी उचलत नाहीत. ज्याचं जनावर आजारी, त्याला आधी. सगळ्यांनी मानलंय ते.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो माझ्या सासऱ्यांना पटवायला. मामा मूळचे देवगाव रंगारीचे. आयुष्य शेतात आणि गोठ्यात गेलं. सासूबाई गेल्यावर इथे आले. विमा म्हणजे त्यांच्या लेखी एकच — जनावर मरतं, साहेब येतो, कानातला बिल्ला बघतो, पैसे देतो. भुरीचा विमा काढला त्या दिवशी ते जेवता जेवता थांबलेच.

"मेल्यावर पैशे देत्यात ना? मंग त्या पिल्लाच्या मरणावर डोळा ठिवून बसायचं व्हय गं, मंगल?"

"मामा, हा जगवण्याचा विमा आहे. दवाखान्याचे पैसे देतात."

"जित्या जनावराला कोन पैशे देतंय? आन् हिच्या कानात बिल्ला कुठंय? बिल्ल्याबिगर इमा नसतो."

त्यांचंही खरं होतं. लासूरच्या बाजारातून आणलेली त्यांची म्हैस मेली तेव्हा तिच्या कानातला बिल्ला आधीच कुठेतरी गळून पडला होता, आणि बिल्ला नाही म्हणून कंपनीने हात वर केले. पुढे गोठा झाडताना तो पिवळा बिल्ला सापडला. तोवर सगळं संपलं होतं. तरी मामांनी तो धुऊन ठेवला, आणि शहरात येताना कपड्यांबरोबर घेऊन आले. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तर एवढं सगळं मी उभं केलं. आणि कशाच्या जोरावर उभं केलं, माहीत आहे? राजाच्या.

राजा आमचा पहिला कुत्रा. लाल रंगाचा, कान पडलेला, गावठी. त्याचा फोटो माझ्या ऑफिसात टेबलामागच्या भिंतीवर आहे. गिऱ्हाईक बसलं, चहा आला, की त्याची नजर फोटोवर जातेच — जावी म्हणूनच तिथे लावलाय. मग मी सांगते. राजाने दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस गिळलं, ते आतड्यात अडकलं. ऑपरेशन करायला हवं होतं, पण तेव्हा ना असा विमा होता ना हाताशी पैसा. राजा माझ्या लेकीच्या मांडीवर गेला. नेमका त्याच आठवड्यात एजंट म्हणून माझा पहिला सत्कार झाला होता. ती सत्काराची शाल — माझ्या आयुष्यातली पहिली शाल — मी राजाला गुंडाळली आणि त्याला पेरूच्या झाडाखाली पुरलं. एवढं बोलून मी थांबते. समोरची बाई पदर डोळ्याला लावते. पुरुष असेल तर खिशातून पेन काढतो.

यात खोटं काय, असं विचाराल. कणीस खरं. मांडी खरी. शालही खरी.

पैसे होते.

हे एक. आणि अजून आहे.

घरी मी ही गोष्ट सांगत नाही. घरी वेगळी आहे. घरी सगळ्यांना एवढंच माहीत आहे, की डॉक्टर नाही म्हणाले. अश्विनी, माझी लेक, तेव्हा दहावीत होती. हे फिरतीवर असायचे. संध्याकाळी अश्विनी क्लासला गेलेली असताना मी एकटीच राजाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. परत आले तर ती पायातले बूट न काढता दारात उभी. "काय म्हणाले डॉक्टर?"

आता आलं. इथपर्यंत मी मनात खूपदा आलेय, आणि दर वेळी इथूनच मागे फिरलेय. तुम्हाला आधी भुरीचं सांगितलं, भिशीचं सांगितलं, मामांच्या म्हशीचं सांगितलं. कळलं असेल तुम्हाला, मी कशी टाळाटाळ करते ते.

डॉक्टर म्हणाले होते, "करता येईल. वाचेल. करायचं का?"

मी अश्विनीला सांगितलं, "डॉक्टर नाही म्हणाले गं. उपयोग नाही म्हणाले."

एवढंच. चार शब्द इकडचे तिकडे. ती रडली, मीही रडले — आणि माझं ते रडणं खोटं नव्हतं, हे तुम्हाला पटेल का? पटू नये खरं तर. त्यानंतर राजा दोन दिवस जगला. त्या दोन दिवसांत मला केव्हाही उठून रिक्षा बोलावता आली असती. मी बोलावली नाही.

पुढे महिनाभराने डॉक्टर मंडईत भेटले. भाजीची पिशवी हातात, घाईत. म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या दिवशी आणलं नाहीत राजाला. मी वाट बघितली." मी म्हणाले, "रात्रीच गेला हो, साहेब." त्यांनी मान हलवली, वाईट वाटलं म्हणाले. म्हणजे घरी एक, गिऱ्हाइकाला दुसरं, डॉक्टरला तिसरं. एका कुत्र्याच्या मरणाचे तीन मसुदे केले मी. आणि तिन्ही चालले! कोणी शंका घेतली नाही. मी बोलण्यात हुशार आहे, हे आधीच सांगितलं ना.

अश्विनीने मात्र त्या डॉक्टरला कधी माफ केलं नाही. त्यांची स्कूटर दिसली की ती रस्ता बदलायची. नुसतं बघून नाही म्हणणारा कसला डॉक्टर, असं कॉलेजात जाईपर्यंत म्हणत राहिली. मी काय केलं? मी गप्प बसले. आयुष्यात गप्प बसायची पाळी माझ्यावर फार वेळा आली नाही, आणि जेव्हा आली तेव्हा अशी.

आता तुम्हाला उन्हाळ्यातला तो दिवस सांगते. हिशेबाने तो माझ्या विजयाचा दिवस आहे. गल्लीतही तो तसाच सांगितला जातो.

अश्विनी आता वाळूजला कंपनीत आहे. भुरीला तिनेच कंपनीच्या फाटकावरून उचलून आणलं होतं, राजानंतर इतक्या वर्षांनी. त्या दिवशी तिची सुट्टी होती. मोटारसायकलवाला भुरीला उडवून पळाला, आणि अश्विनी तिला दुपट्ट्यात घेऊन आरडाओरडा करत घरात आली. मामा म्हणाले, "हाड मोडलंय. बांबूच्या कामट्या बांधू." अश्विनीने मोबाईलवर दोघा-तिघांना विचारलं. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. मागच्या पायात पट्टी टाकायची तर त्यांच्याकडेच न्या.

तेच डॉक्टर.

अश्विनीचा चेहरा पडला. माझा तर कसा झाला असेल, तुम्हीच विचार करा. मला दुसरा दवाखाना सुचवता आला असता. जीभ वळवळलीसुद्धा. पण भुरी माझ्या मांडीवर होती आणि तिच्या दुखण्याचा आवाज — तसा आवाज मी आधी ऐकलेला होता. मी म्हणाले, "चल."

दवाखान्यात पगारे काका बसलेले, त्यांचा टायगर पायाशी. माझे जुने गिऱ्हाईक. टायगरच्या मूतखड्याचं ऑपरेशन विम्यावर झालं होतं, त्यामुळे मी दिसले की ते उठून उभे राहतात. भुरीला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अश्विनीला म्हणाले, "घाबरू नको पोरी. तुझ्या मम्मीनं आमचा टायगर वाचवला. तुमच्या राजाच्या ऑपरेशनला पैसे नव्हते ना तेव्हा, मम्मी सांगतात तेव्हा काळजाचं पाणी होतं. आता तसं नाय व्हायचं."

अश्विनी त्यांच्याकडे बघत राहिली. "ऑपरेशनला पैसे? काका, ऑपरेशन होणारच नाही म्हणाले होते डॉक्टर."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

तुम्हाला कधी असं झालंय का — पायाखालची फरशी तीच, पण आपण तिच्यावर उभे नाही असं वाटतं? मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, मला माहीत नव्हतं. पण अश्विनी थकून हसली आणि काकांना म्हणाली, "मम्मी तिखटमीठ लावते हो, धंद्यासाठी." काकाही हसले. सुटले मी. माझ्या लेकीने मला सोडवलं, माझ्याच बदनामीच्या आधारावर.

पण सुटका तेवढ्यापुरतीच. आत गेलो. डॉक्टरांचे केस पिकलेत, हात तेच. त्यांनी भुरीचा पाय चाचपला, एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला. त्यांनी मला ओळखलं होतं. आणि ते बोलायच्या आत अश्विनीच बोलली, सरळ त्यांच्या तोंडावर, इतक्या वर्षांचं साठलेलं.

"आमच्या राजाला तुम्ही नाही म्हणाला होतात, सर. मम्मीनं आणलं होतं त्याला तुमच्याकडे. हिला तरी नाही म्हणू नका."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मंडईत मी त्यांना काय सांगितलं होतं, आणि आज लेक काय सांगते आहे — माणसाला समजायला असा किती वेळ लागणार? त्यांना समजलं. ते समजल्याचं मला दिसलं. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. त्यांचा हक्कच होता तो. माझी लेक त्यांच्यासमोर त्यांच्यावर आरोप करत उभी होती, आणि खरी आरोपी शेजारी, पर्स छातीशी धरून.

ते अश्विनीला म्हणाले, "तेव्हा नाही म्हणालो असेन बाळा. आज हो म्हणतो."

मग माझ्याकडे वळून त्यांनी तेच शब्द वापरले. अगदी तेच. "करता येईल. करायचं का?"

मी म्हणाले, "करायचं."

पुढचं सगळं जिंकणंच आहे. ऑपरेशन झालं. भुरी शुद्धीवर आली आणि आधी टायगरवर गुरगुरली, म्हणजे ती ठीक आहे हे सगळ्यांना कळलं. मी कागद जमवले, पावत्या लावल्या, भुरीचे फोटो काढून कंपनीला पाठवले. आणि अडकलं! कंपनीतून एका पोराचा फोन आला, गंभीर आवाजात.

"मॅडम, आपके डॉग के गले में भैंस का टॅग क्यूँ है?"

मी फोटो मोठा करून बघितला. भुरीच्या पट्ट्याला पिवळा बिल्ला लटकत होता. मामांनी फोटोच्या आधी हळूच अडकवला होता, लासूरच्या म्हशीचा. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. "ह्या वक्ताला बिल्ला नव्हता म्हनू नये कोनी," एवढंच बोलले.

त्या पोराला मी काहीही सांगू शकले असते. शोभेचा आहे, बाजारात मिळतो, शेजाऱ्यांच्या मुलाने अडकवला — जिभेवर तिन्ही तयार होती. पण मी खरं सांगितलं. म्हैस, गळून पडलेला बिल्ला, न मिळालेला क्लेम, आणि या वेळी तरी बिल्ल्यावाचून अडू नये म्हणून म्हाताऱ्याने केलेला उद्योग. माझ्या मोडक्या हिंदीत सगळं.  मग तो पोरगा इतका हसला, की फोनवर दुसरंच कोणी आहे की काय असं वाटलं. भुरीचे बिल्ल्याशिवायचे नवे फोटो मागवले. क्लेम पास झाला. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मामांनी मोबाईल हातात घेऊन तो लांब धरून वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "जित्या जनावराला दिले की गं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पारावर जाऊन हे सगळ्यांना सांगितलं. त्या आठवड्यात माझ्याकडे नव्या पॉलिसींची रांग लागली. राजाची गोष्ट सांगावी लागली नाही. भुरीचीच पुरली.

मग मी आनंदात असायला हवी. आहेच! खोटं का बोलू — सकाळी ओट्यापाशी हसले ते खरंच हसले. भुरी धावते, टायगर जगतो, पलीकडच्या गल्लीतली आंधळी पॉमेरेनियन भिशीच्या पैशांवर औषध घेते. हे सगळं मी केलंय आणि याचा मला गर्व आहे. राजाच्या खोट्या गोष्टीवर उभं केलं म्हणून ही कुत्री कमी जिवंत नाहीत. आणि ही जिवंत आहेत म्हणून राजा कमी मेलेला नाही. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी माहीत आहेत.

उद्या पोळा. आज संध्याकाळी खांदेमळणी. गावाकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि तुपाने मळतात, वर्षभर जू ओढलेले खांदे, आणि त्यांना जेवायचं बोलावणं करतात. मामांचे बैल कधीचे गेले. इथे सिडकोत बैल कुठून आणणार? गेली काही वर्षं ते मातीच्या बैलांचे खांदे मळायचे, बोटाच्या टोकाने. आज त्यांनी वाटीत हळद-तूप कालवलं, आणि मातीच्या बैलांना ओलांडून भुरीपाशी जाऊन बसले. तिचा मागचा पाय मांडीवर घेतला. पट्टी आहे तिथे केस अजून आखूड आहेत. तिथे त्यांनी हळूहळू चोळलं. भुरी तूप चाटायला वळत होती, आणि ते तिचं तोंड कोपराने बाजूला सारत होते. मग हात जोडून म्हणाले,

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

अश्विनी दारात उभी राहून बघत होती. डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टरांनाही बोलवायचं का उद्या? मी उगाच बोलले त्यांना त्या दिवशी. इतकी वर्षं उगाच राग धरला." तिने लगेच फोन लावला. डॉक्टर येतो म्हणाले.

मामा हात धूत म्हणाले, "मंगल, हिला झूल पायजे उद्या. एखांदी शाल हाय का जुनी?"

माझ्या कपाटात सत्काराच्या शालींचा ढीग आहे. अश्विनीनेच जाऊन एक आणली, जांभळी, जरीची. भुरीच्या पाठीवर टाकून बघितली, आणि माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "मम्मीची पहिली शाल राजाला, ही भुरीला."

मी हातातली डाळीची परात घेऊन स्वयंपाकघरात गेले.

उद्या डॉक्टर जेवायला बसायच्या आत मी तिला सांगणार आहे. सगळ्यांसमोर नाही, स्वयंपाकघरात, तोंडाने. त्यात तिखटमीठ नसेल. का केलंस, असं ती विचारेल, आणि त्याचं उत्तर मला कायम माहीत होतं. तुम्हाला ते अजून सांगितलेलं नाही. तिला सांगेन तसंच तुम्हाला सांगते.

डॉक्टर म्हणाले होते, उद्या सकाळी दहाला घेऊन या, ऑपरेशन करू. माझा सत्कारही सकाळी दहालाच होता, जालना रोडवरच्या हॉटेलात. पहिल्या रांगेत माझी खुर्ची होती, पाठीवर माझं नाव लावलेली. मी हॉटेलात गेले. विमा म्हणजे जिव्हाळा, असं माइकवर बोलले. टाळ्या पडल्या. शाल मिळाली.

ती शाल अंगावर घेऊन मी दुपारी घरी आले तेव्हा राजा जिवंत होता. मला बघून त्याने शेपटी हलवली.